तिच्या वाटणीचे सूर

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा सुनेत्रा परसातल्या दोरीवर लंगोट वाळत घालत होती, आणि तिला वाटलं, शेजारी कोणीतरी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकतंय. एक फुंकर आली, लांबट, पोकळ, आणि थांबली. मग काही नाही. मग पुन्हा एक, थोडी खालच्या स्वरातली. मग पुन्हा काही नाही. लोअर हटच्या उपनगरात दुपारी एवढी शांतता असते की माणसाला स्वतःच्या कानांचा संशय यावा. माणसं सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला गेलेली, पोरं शाळेत, आणि दक्षिणेकडचा वारा तेवढा पत्र्यांशी भांडत बसलेला. चिमटा दातांत धरून ती उभी राहिली. तिचं लक्ष फुंकरींकडे नव्हतंच, त्यांच्या मधल्या जागेकडे होतं. ती जागा तिच्या ओळखीची होती. तान्ही स्वानंदी रडायची तेव्हा दम घ्यायला अशीच थांबायची, आणि तिच्या त्या थांबण्यात आतल्या खोलीतून दुसरं रडणं यायचं. बारीक, दमलेलं, कोणावर राग नसलेलं. ते ऐकू येतं असं सांगणं सुनेत्राने हल्ली सोडून दिलं होतं. कुंपणापलीकडच्या या आवाजालाही तशीच भोकं होती, पण त्या भोकांतून ते रडणं काही आलं नाही. ती वाट बघत राहिली. ओल्या कापडाने बोटं बधिर झाली, बादलीतले लंगोट तसेच राहिले, आणि आतून सासूबाईंची हाक आली, "अगं, किती वेळ? वारं लागेल, बाळंतीण आहेस तू."

पोटात दोघी होत्या. सोनोग्राफी करणाऱ्या बाईने पडद्यावर बोट ठेवून दोघी दाखवल्या तेव्हा इंद्रनीलने घरी येऊन फोनकार्डातली सगळी मिनिटं पुण्याला आईशी बोलण्यात संपवली होती. आणि सासूबाई, आशालताबाई, आल्या त्या डिंक, अळीव, खारीक आणि सगळी अंगडी-टोपडी जोडीने घेऊन. विमानतळावरच्या तपासणीत डिंक काय असतो ते त्यांनी तिथल्या माणसाला मराठीतून समजावून सांगितलं होतं म्हणे, आणि त्याने जाऊ दिलं होतं. स्वानंदी आधी आली, खणखणीत. दुसरी तिच्या मागून आली आणि काही बोललीच नाही. मिडवाइफने तिला पुसलं, गुंडाळलं आणि दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं हळूच "किआ ओरा", इथला नमस्कार, म्हणून सुनेत्राच्या हातात दिलं. वजन होतं. ऊबही होती, सुनेत्राचीच, उसनी. नाव काय ठेवायचं, मिडवाइफने विचारलं. इंद्रनील म्हणाला, आमच्यात अशा बाळाचं नाव ठेवत नाहीत. खोटं नव्हतं ते. दात न आलेल्या बाळाचं धड सुतक नसतं, श्राद्ध नसतं, पितृपंधरवड्यात पान नसतं. ते आलं आणि गेलं, बस. आशालताबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला होता, "फार वेळ घेऊ नकोस गं हातात. माया लागते." किती मायेने म्हणाल्या होत्या त्या. आणि सुनेत्राने दिलं. हात लांब करून दिलं, जसं काउंटरवरून एखादी वस्तू द्यावी. टायटाच्या दफनभूमीत इंद्रनील आणि त्याचा मित्र गुरुनाथ जाऊन आले, आले ते अंघोळ करूनच घरात शिरले, आणि बारशाला पाळण्यात एकच नाव पडलं.

रडणं त्यानंतर सुरू झालं. सुनेत्रा काही भाबडी नव्हती. हॉस्पिटलच्या औषधविभागात इतकी वर्षं काढलेली बाई. तिथे एकीने मोजलेलं दुसरीने तपासायचं, दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय औषध खिडकीबाहेर जायचं नाही. तोच नियम तिने स्वतःच्या कानांना लावून पाहिला. आधी इंद्रनीलला विचारलं, मग सासूबाईंना, मग डॉक्टरांना. कोणाला ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ती नेमाने घेत होती. त्या गोळ्यांनी रडणं थोडं लांब गेलं, जणू कोणी मधलं दार लोटून घेतलं होतं. पण दाराआड ते होतंच. आणि मग ती अंघोळीची सकाळ. स्वानंदी टबात, कोमट पाणी, सुनेत्राचा एक हात तिच्या मानेखाली. आतून रडणं आलं. नेहमीसारखंच, पण या वेळी त्यात एक उचकी होती, फार रडल्यावर लहान मुलांना लागते तशी, आणि ती उचकी ऐकल्यावर सुनेत्राचे पाय आपोआप उठले. आतल्या खोलीत जाऊन तिने पलंगावरच्या दुलईत हात घातला, दुलई चाचपली, उशी उचलली. बाथरूममधून आशालताबाईंचा आवाज आला तेव्हा तिला कळलं की आपण दोन्ही हातांनी शोधतोय. म्हणजे मानेखालचा हात इथे आहे. स्वानंदीला काही झालं नव्हतं. सासूबाई टॉवेल द्यायला म्हणून वेळेवर आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. ओल्या बाळाला पदरात धरून मोरीच्या कट्ट्यावर बसावं तशा टबाच्या काठावर बसून राहिल्या.

"मी नेते तिला," त्या दिवशी जेवताना आशालताबाई म्हणाल्या. "परत जाताना. वर्षभर. तू बरी झालीस की आणून सोडते. अगं, किती जणींची पोरं राहतात आजीकडे. त्या सुलेखाचा मुलगा नाही का राहिला चिंचवडला, आता बघ कसा गुटगुटीत झालाय."

"तो आईला काकू म्हणतो आता," सुनेत्रा म्हणाली.

"म्हणायचं थांबेल."

इंद्रनील भातावर वरण घालत होता, घालतच राहिला. "शिक्षा नाहीये ही, सुनेत्रा. प्लीज असं नको समजूस. मला ऑफिसात बसून भीती वाटते. दर वेळी फोन वाजला की वाटतं..." आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुनेत्राला त्याचं पटत होतं. हिच्या ताब्यात मूल द्यावं की नाही, असं कोणी तिला परक्या बाईविषयी विचारलं असतं तर तिनेही नकोच म्हटलं असतं.

कुंपणापलीकडच्या बाईचं नाव एल्वीरा चोके. हे तिला कळलं ते स्वानंदीला प्रॅममध्ये घालून एका दुपारी ती सरळ त्यांच्या गॅरेजपर्यंत चालत गेली तेव्हा. काय विचारायचं ते ठरवलेलं नव्हतं. गॅरेजसमोर पावसाचं पाणी साठवायची जुनी पत्र्याची टाकी आडवी पाडून ठेवली होती आणि तिच्यात डोकं घालून, पायात रबरी सपाता, अंगात पुरुषी स्वेटर अशी एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई काहीतरी करत होती. टाकीतून तिने मागे न बघताच म्हटलं, "डेअरीत जाणार असशील तर दूध आणशील का?" मग बाहेर आली, प्रॅम पाहिली, आणि न लाजता हसली. आत टाकीत एक स्पीकर ठेवला होता. गॅरेजमध्ये वाजवलेलं त्या टाकीत घुमवून पुन्हा टेपवर घ्यायचं, ते पुन्हा घुमवायचं, असं तिचं काम चाललं होतं. वेलिंग्टनला एका जुन्या हॉलमध्ये लोक जमिनीवर बसून हे असलं ऐकतात, ती म्हणाली. काही झोपतात, ते सगळ्यात चांगले श्रोते. आठवड्यातले काही दिवस ती रोपवाटिकेत काम करायची आणि उरलेले दिवस हे.

फुंकायचं वाद्य तिने हातात दिलं. बोरूच्या लहानमोठ्या नळ्या, एका रांगेत दोऱ्याने बांधलेल्या. सिकु म्हणतात त्याला. तिचे आजोळचे लोक आयमारा, बोलिव्हियातल्या उंच पठारावरचे, जिथे झाड असं दिसत नाही आणि वारा इथल्या वाऱ्याचा मोठा भाऊ. ती स्वतः ला पाझची, आणि आईबरोबर शाळकरी वयातच इकडे आलेली. "पण हा अर्धाच आहे," तिने नळ्यांवरून बोट फिरवलं. "सगळे सूर एका माणसाजवळ नसतात. अर्धे एकाकडे, त्याला इरा म्हणतात, तो पुढे जातो. अर्धे दुसऱ्याकडे, ती आर्का, ती मागून येते. एक सूर त्याचा, एक सूर माझा, तेव्हा कुठे गाणं होतं. माझ्याकडे आर्का आहे."

"आणि इरा?"

"माझ्या भावाकडे. ग्रेगोरियो. गोयो." तिने नळ्या परत घेतल्या. "मी माझं वाजवते. त्याच्या जागी थांबते."

एवढंच. सुनेत्राने पुढे विचारलं नाही. अशा ठिकाणी पुढे विचारायचं नसतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती रोज दुपारी जाऊ लागली. आशालताबाईंना सांगितलं होतं की शेजारची बाई एकटी असते. ते ऐकून त्यांनी एकदा तिच्यासाठी डब्यात शिरा दिला, आणि एल्वीराने डबा परत पाठवला तो भरून, उकडलेल्या बटाट्यांनी. "अगं, नुसते बटाटे," आशालताबाई म्हणाल्या, "मीठसुद्धा नाही. पण रिकामा नाही पाठवला हो. वळण आहे घराला." गॅरेजमध्ये मोडक्या सोफ्याची एक बैठक होती, तिच्यावर सुनेत्रा स्वानंदीला पाजत बसायची आणि समोर ती बाई डोळे मिटून तिच्या वाटणीचे सूर वाजवायची. ऐकता ऐकता सुनेत्राला गोयो दिसू लागला. कुठल्याशा घाटात उलटलेली बस दिसू लागली, बर्फात पडलेल्या दुसऱ्या नळ्या. बहिणीचा सूर आला की ती त्याच्या सुराची जागा मोजायची, आणि तिला वाटायचं, ही बाई मला कळते. ही एकच बाई मला कळते. कधीकधी त्या जागेत रडणं यायचं. इथे, गॅरेजमध्येही. घर सोडून ते तिच्यामागे कुंपणापलीकडे आलं होतं, आणि याचा तिला धक्का बसण्याऐवजी एक चोरटा आनंद झाला होता, आपण हिला एकटीला पलंगावर सोडून येत नाही याचा.

एका दुपारी टेप चालू होती. एल्वीरा वाजवत होती, स्वानंदी हुंकार देत होती, पलीकडच्या रुळांवरून ट्रेन गेली, आणि ट्रेनमागोमाग ते आलं, इतकं स्वच्छ, इतकं जवळून, की सुनेत्रा टेपकडेच बघत बसली. लाल दिवा लागलेला होता. म्हणजे ते आत गेलं. हे काही घरातलं माणूस नाही, डॉक्टर नाही, गोळी नाही. यंत्र आहे, त्याला माया लागत नाही. वाजवणं संपल्यावर ती म्हणाली, "मला ते परत ऐकवशील?" आणि का ते एका दमात सांगून टाकलं, इतकं सरळ की तिचं तिलाच नवल वाटलं. दुसरी. तिचं रडणं. अंघोळ. पुणे. एल्वीराने मधे एकदाही "आय ॲम सॉरी" म्हटलं नाही. हेडफोन स्वतःच्या कानाला लावून तिने टेप मागे नेली, आणि ऐकलं. पुन्हा नेली. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, एखादी पुरचुंडी सोडवावी तसं ऐकलं. सुनेत्राच्या छातीत दूध दाटून आलं होतं, ब्लाउज ओला होत होता, आणि तिला कळत होतं की आता ही बाई जे बोलेल त्यावर सगळं ठरणार आहे. टेपवर असेल, तर ती ती टेप घेऊन घरी जाईल, इंद्रनीलसमोर ठेवेल.

"ट्रेन आहे," एल्वीरा म्हणाली. "तुझी मुलगी आहे. फ्रीज आहे, वारा तर ढीगभर आहे. ती नाहीये."

सुनेत्राने मान हलवली. हलवतच राहिली.

"गोयोपण नाहीये टेपवर," एल्वीरा म्हणाली.

"पण तो तर... तू निदान त्याच्यासाठी..." सुनेत्राने विचारलं, "तो कधी गेला?"

"गेला? ऑकलंडला. हिल्सबरोला राहतो, लोकांच्या बाथरूमना टाइल्स लावतो. काम खूप आहे त्याला." तिने सुनेत्राचा चेहरा बघितला आणि मग तिला उमगलं. ती हसली नाही असं नाही. आधी हसली, अगदी मनापासून, आणि मग हात पुसून शेजारी येऊन बसली. "तुला वाटलं मेला. वर्तमानपत्रवाल्यांनाही तसंच वाटतं, ते लिहितात, शोक, विरह. मी नाही सांगायला जात. अगं, त्याला कंटाळा आलाय वाजवायचा. म्हणतो, पुरे झालं, गुडघे दुखतात, रविवारी रग्बी बघू दे."

सुनेत्राला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, रसरशीत. घाटातली बस, बर्फ, नळ्या, सगळं तिने किती जपून उभं केलं होतं. "मग तूच वाजव ना ते सूर. दुसऱ्या नळ्या आण आणि पूर्ण कर. कोणासाठी थांबतेस?"

"नाही वाजवायचे. ते त्याचे आहेत." एल्वीराला यात समजावण्यासारखं काही वाटत नव्हतं, इथे चप्पल काढतात, असं सांगावं तसं ती सांगत होती. "गावात बायका वाजवतही नाहीत, नाचतात. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून आजोबांनी मला आर्का दिली, आणि म्हणाले, बाईने फुंकलं, आता गारा पडणार. पण गोयोचा सूर मी एकदा घेतला, तो चुकला म्हणून, तर हातावर फटका दिला त्यांनी. तो येवो, न येवो, चुको, झोपो. ती जागा त्याची आहे. तिथे तू जायचं नाहीस, आणि ती भरून टाकायचीही नाही. आणि एक." तिने स्वतःच्या बरगडीवर हात ठेवला. "तिथे हवा विरळ असते. दोघांचे सूर एकट्याने फुंकायला गेलं तर भोवळ येऊन पडतो माणूस. त्याच्या वेळी मी श्वास घेते. तेवढंच काम आहे माझं त्याच्या वेळी."

स्वानंदी झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यात दूध. सुनेत्रा तिच्याकडे बघत राहिली आणि तिला एक विचित्र गोष्ट सुचली, की आपण या पोरीकडे नीट बघतो ते फक्त ती गप्प असते तेव्हा. ती रडू लागली की आपण तिचं रडणं ऐकतच नाही, तिच्या थांबण्याची वाट बघतो. दोघींचं एकटीने करतो आपण. आणि दोघींचंही होत नाही.

त्यानंतरचे दिवस काही बदलल्यासारखे नव्हते. रडणं यायचं. ती श्वास घ्यायची. पहिल्या वेळी जमलं नाही, उठून आत गेलीच, दुलईपर्यंत. मग एकदा दारापर्यंत. मग एकदा उठली आणि पुन्हा बसली, आणि बसलेली असताना इतका घाम आला की जणू कोणाचा तरी खून करतोय. कारण थांबायला ती बाई शिकवू शकत होती, पण तिचा भाऊ टाइल्स लावत होता, जेवतखात होता. त्याच्या जागी कोणी गेलं नाही तरी तो रडत नव्हता. लहान मुलाच्या जागी कोणीतरी जावंच लागतं. हे एल्वीराला कळणार नव्हतं. तिला मूल नव्हतं.

परतीच्या तिकिटाच्या आदल्या शुक्रवारी इंद्रनील स्वानंदीच्या पासपोर्टचं बघायला बाहेर गेला होता. बैठकीच्या खोलीत सूटकेस उघडी पडली होती आणि आशालताबाई गालिच्यावर मांडी घालून झबल्यांच्या घड्या करत होत्या. पांढरी एका बाजूला, रंगीत एका बाजूला. हीटरचा तापलेल्या धुळीचा वास येत होता. सुनेत्रा आरामखुर्चीत स्वानंदीला पाजत होती, आणि पोरगी दोन्ही मुठी छातीवर आपटून, घटाघटा, उद्या काही मिळणारच नाही अशी पीत होती. मधेच ती दम घ्यायला थांबली. आतून आलं.

सुनेत्राने श्वास घेतला. सोडला. स्वानंदीने पुन्हा ओढायला सुरुवात केली, आणि आतलं थांबलं नाही, वाढलं, त्यात ती उचकी आली. खुर्चीच्या हातावर तिची बोटं आवळली. उठायचं तर हिला ओढून काढायला हवं होतं, तोंडातून. ती उठली नाही. तिने मान वळवून, हळू, पण स्वयंपाकघरातून मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हटलं, "आई, ती रडतेय. मी हिला घेऊन बसलेय. तुम्ही बघता का?"

आशालताबाईंच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. बाहेर वाऱ्याने कुंपणाची फळी वाजवली. त्यांनी सुनेत्राकडे पाहिलं, तिच्या कुशीतल्या, हाताने पक्क्या धरलेल्या स्वानंदीकडे पाहिलं, मानेखाली हात होता तिकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. आता त्या इंद्रनीलला फोन करतील, सुनेत्राला वाटलं. मग गुडघ्यावर हात टेकत, "अगं आई गं" करत त्या उठल्या, आणि आतल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी लावून घेतलं नाही, अर्धवट लोटलं.

आधी काही ऐकू आलं नाही. मग पलंग करकरला, बसल्या असाव्यात. मग दुलई सारखी केल्याचा आवाज. आणि मग थोपटणं. दुलईवर, तळहाताने, सावकाश. सुनेत्राला ते थोपटणं माहीत होतं, याच हाताने स्वानंदी झोपायची. एक थाप जोरात, दुसरी हलकी. तोंडाने त्या काहीतरी म्हणत होत्या, गाणं नव्हे, नुसतं "हो, हो, हो गं, आले हं". रडणं चालूच होतं. मग थोडं ओसरलं. उचकी दोनदा आली, मधे मोठी जागा सोडून. मग आली नाही. थोपटणं मात्र त्यानंतरही बराच वेळ चाललं होतं, मूल नुकतं झोपलेलं असलं की हात लगेच काढत नाहीत तसं.

स्वानंदी पोटभर पिऊन सैल झाली होती. सुनेत्राने तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढला. आशालताबाई बाहेर आल्या त्या दार अलगद ओढून घेत, पाय न वाजवता. डोळ्यांना पदर लावलेला नव्हता, पण नाक लाल होतं. त्या पुन्हा गालिच्यावर बसल्या, सूटकेससमोर.

"झोपली," त्या म्हणाल्या.

सुनेत्राने स्वानंदीला खांद्यावरून मांडीवर घेतलं.

आशालताबाईंनी सूटकेसमधलं पांढऱ्या झबल्यांचा गठ्ठा उचलला आणि मांडीवर घेतला. मग रंगीत. मग कोपऱ्यात कोंबलेले पायमोजे एकेक करून बाहेर काढले आणि त्यांच्या जोड्या लावत बसल्या. खाली त्यांच्या दोन साड्या आणि इथून न्यायचं मधाचं डबडं एवढंच राहिलं.

"इंद्राला यातलं काही बोलू नकोस," मान वर न करता त्या म्हणाल्या. "पोरीचं मी सांगते त्याला. आणि तिकीट पुढे ढकलता येतं का ते विचार त्याला. तू एकटी कुठे कुठे बघशील."